खमीस मुशैतला राहिलेली व्हँकुव्हरची कॅसेट

सौदीतला आमचा मुक्काम आता शेवटच्या दोन महिन्यांवर आला आहे. माझा नवरा सुधीर निवृत्त होतोय. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द होईल, फायनल एक्झिटचा शिक्का लागेल आणि चाळीस वर्षांचं बिऱ्हाड पुण्याला जाईल. जाण्याआधी काय बघायचं राहिलंय याची सुधीरने यादी केली: अल-उला, जुनं जेद्दा, लाल समुद्र. माझ्या यादीत एकच नाव होतं, खमीस मुशैत.

"तिथे सहा वर्षं राहिलोय आपण," तो म्हणाला. "आता काय बघणार?"

"बघायचं नाहीये. एक गोष्ट विचारायची आहे."

ती गोष्ट सांगायला थोडं मागे जावं लागेल.

पुण्याच्या कॉन्व्हेंट शाळेत आमचं इंग्रजी सुधारावं म्हणून सिस्टरांनी प्रत्येकीला परदेशातली एक पत्रमैत्रीण जोडून दिली होती. माझ्या वाट्याला कॅनडातल्या व्हँकुव्हरची कॅरन आली. शाळेत होते तोवर पत्रं सिस्टर वाचायच्या, त्यामुळे मी स्पोर्ट्स डेबद्दल लिहायचे आणि ती तिच्या मांजरीबद्दल. शाळा संपली, पत्रं घरच्या पत्त्यावर यायला लागली आणि मग त्यांच्याबरोबर कॅसेटही यायला लागल्या.

सत्तरचं दशक संपत होतं. व्हँकुव्हर, टोरांटो, हॅमिल्टन अशा शहरांत कॅरनच्या भावाच्या वयाची मुलं तळघरांत आणि भाड्याच्या हॉलमध्ये पंक संगीत वाजवत होती. लंडन-न्यूयॉर्कच्या बँडची नावं जगभर गेली. ही मुलं इतकी लांब होती की त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, आणि त्यामुळेच ती आपल्या मनाने वाजवत राहिली. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, गिटारचे तीन कॉर्ड, घसा बसेपर्यंत ओरडणं, आणि मध्येच स्वतःचीच उडवलेली टर. रेकॉर्ड काढायची तर पदरचे पैसे घालून, मित्रांनी पाकिटं चिकटवून.

मी शाळेच्या क्वायरमध्ये पाठ ताठ ठेवून गाणारी मुलगी. "सूर सांभाळ" हे शब्द दिवसातून चारदा ऐकणारी. त्या गाण्यांतली मुलं सूर वगैरे काही सांभाळत नव्हती, आणि तरीही त्यांना काहीतरी इतकं सांगायचं होतं की थांबवत नव्हतं. घरचे जेवून झोपले की मी टेपरेकॉर्डर उशीखाली ठेवून ऐकायचे.

त्यातली एक कॅसेट सगळ्यांत लाडकी. कॅरनचा थोरला भाऊ रॉन ड्रम वाजवायचा. त्याचा बँड दर दोन महिन्यांनी नाव बदलायचा आणि त्यांनी एकही रेकॉर्ड काढली नाही. एका हॉलमधला त्यांचा कार्यक्रम कॅरनने स्वतः टेप केला होता, आणि माझ्यासाठी त्याची एक प्रत काढली होती.

लग्न होऊन मी खमीसला आले तेव्हा सहा कॅसेट बरोबर होत्या. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने त्यातली एक यंत्रात घालून ऐकली. दहा-पंधरा सेकंदांत त्याने कपाळाला हात लावला, सगळ्या परत पिशवीत टाकल्या आणि "खलास, यल्ला" म्हणून मला पुढे धाडलं.

कस्टममधून सुटलेली कॅसेट गेली ती आमच्याच घरातून. सुधीर तेव्हा तिथल्या एका इस्पितळात यंत्रदुरुस्ती बघायचा. इस्पितळाचे ड्रायव्हर कासमभाई रत्नागिरीकडचे. त्या काळात फोन परवडत नसे आणि अनेकांच्या घरी पत्र वाचणारं माणूस नसे, म्हणून कोकणातली मंडळी कॅसेटमध्ये बोलून ती गावी पाठवायची. गावाला जाणारा कुणी ना कुणी असायचाच. घरची माणसं ऐकायची, उत्तर त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भरायची आणि कॅसेट परत यायची. एका संध्याकाळी कासमभाई कोरी कॅसेट मागायला आले, कारण त्यांचा माणूस पहाटे निघणार होता. सुधीरने शेल्फवरून हाताला लागली ती दिली. रॉनची.

ती पुसली जाऊ नये म्हणून मी तिच्या पाठच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खिट्या मोडून ठेवल्या होत्या. सुधीरने कौतुकाने त्या भोकांवर चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे रेकॉर्डिंग होईल. मी दारात उभी होते. नवी नवरी, पाहुण्यासमोर काय बोलणार? नंतर चार दिवस मी सुधीरशी धड बोलले नाही, आणि का ते त्याला आजवर कळलं नव्हतं.

आता त्या काळातले बरेच कॅनेडियन बँड इंटरनेटवर ऐकायला मिळतात. जुन्या रेकॉर्ड पुन्हा निघाल्यात, खाली विशीतली पोरं लिहितात की हे आज सकाळी रेकॉर्ड केल्यासारखं वाटतं. रॉनचा बँड मात्र कुठेच नाही. गेल्या नाताळात कॅरनची ईमेल आली. रॉन सत्तरीला टेकलाय, हात थरथरतात, ड्रमच्या काठ्या धरता येत नाहीत. तिची मूळ टेप घर बदलताना कधीच हरवली. "तुझ्याकडची अजून आहे का?" तिने विचारलं होतं.  दोन दिवसांनी मी लिहिलं, "शोधते."

कासमभाई काही वर्षांपूर्वी गावी वारले. त्यांचा मुलगा इरफान खमीसमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. सुधीरचं आणि त्याचं ईदला फोनवर बोलणं होतं. येतोय एवढंच सुधीरने कळवलं. कॅसेटचं फोनवर विचारायचा मला धीर झाला नाही.

आम्ही आता राहतो त्या रियाधहून खमीस साधारण हजार किलोमीटर. विमानाने दीड-दोन तास, पण तुम्ही जाणार असाल तर एकदा तरी रस्त्याने जा. अल-खर्ज, लैला, सुलैयिल आणि वादी अद-दवासिर असा मार्ग आहे. वादीला मुक्काम केलात तर पहिल्या दिवशी सहाशे आणि दुसऱ्या दिवशी चारशेच्या आसपास पडतात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्यायचं, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, रस्त्यावर उंट येतात. वेगाचे कॅमेरे कुठेही असतात आणि दंड घरी पोचायच्या आधी मोबाइलवर पोचतो.

आम्ही पहाटे पाचला निघालो. अल-खर्जपासून लैलापर्यंत मी चालवली. साठीच्या उंबरठ्यावर मी इथलं लायसन्स काढलं, तेव्हा वर्गात सर्वांत म्हातारी मीच होते. सुधीर अजूनही शेजारी बसला की दारावरचं हँडल धरतो.

"सोड ते. निघून हातात येईल."

"मी धरलेलं नाहीये, टेकलोय."

गाडीत माझी गाणी लावली होती. सुधीर जुन्या मराठी भावगीतांवर वाढलेला माणूस. सात-आठ गाणी त्याने सोसली आणि मग म्हणाला, "ही वेगवेगळी आहेत का एकच आहे?"

मी त्याला सांगितलं की ही पोरं एका जुन्या व्हॅनमध्ये वाद्यं, गाद्या आणि पावाची पाकिटं भरून हजारो किलोमीटर जायची. दोन गावांमध्ये असाच रिकामा सपाट रस्ता, तिकडे वाळूऐवजी बर्फ. पोचायचं, चाळीस माणसांसमोर अर्धा तास वाजवायचं आणि परत रस्ता धरायचा.

"चाळीस माणसांसाठी?"

"कधी कधी बारा."

 तो म्हणाला, "आता जरा मोठ्याने लाव. एसीच्या आवाजात शब्द कळत नाहीत."

तेव्हा मी त्याला कॅसेटची गोष्ट सांगितली. चार दिवसांचा अबोलाही सांगितला. त्याला ती संध्याकाळ आठवेना. "मला वाटलं होतं, तुला घरची आठवण येत असेल," एवढंच म्हणाला. नंतर कितीतरी किलोमीटर त्याने हँडल धरलं नाही.

वादीच्या आसपास वाळवंटात एकदम हिरवी गोल शेतं दिसायला लागतात, कुणीतरी वाळूवर ताटं मांडून ठेवल्यासारखी. मुक्कामाला फर्निश्ड अपार्टमेंट मिळतात. आम्हाला एका रात्रीला दीडशे रियाल पडले, चादरी स्वच्छ होत्या, गरम पाण्याची खात्री आधीच करून घ्या. खाली एका मलबारी हॉटेलात परोठा, अंड्याची करी आणि कडक चहा मिळाला. तिथल्या पोऱ्याने नव्हे, खुद्द मालकाने टेबल पुसलं आणि कुठून आलात, कुठे चाललात, मुलं काय करतात हे सगळं हिंदीत विचारून घेतलं. खमीसला मित्राकडे चाललोय म्हटल्यावर म्हणाला, "दोस्त के लिए इतना दूर? तो फिर एक चाय मेरी तरफ से."

दुसऱ्या दिवशी तथलीथ गाव मागे पडलं की जमीन हळूहळू वर चढते, खडक काळसर होतात, झुडपं येतात आणि कान बंद होतात. खमीसमध्ये उतरलो तर दुपारी एकला अंगावर शाल घ्यावीशी वाटली. खमीस म्हणजे गुरुवार. गुरुवारच्या बाजारावरून शहराला हे नाव पडलंय. आम्ही राहायचो तो भाग मला ओळखू आला नाही. इस्पितळाची भिंत मात्र तीच होती, रंग बदललेला.

इरफान गल्लीच्या तोंडाशी उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, चेहरा हुबेहूब कासमभाईंचा, केस तेवढे कमी.

"अस्सलामु अलैकुम साहेब. बरा झाला आलाव ते. चाची, वळखलाव का? तुमच्याकडं बिस्कुटा खायला यायचो मी. दोन महिने अम्मीसंगं अब्बांकडं येऊन ऱ्हायलेलो तवा."

ओळखलं होतं. बिस्किटं तो खिशातही घालायचा. तेही सांगितलं, तर त्याची बायको नसरीन दारातूनच हसली. "अजून घालतात. धुताना मशीनमधून निघतात."

जेवायला तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि शेवटी सांदण. तांदळाच्या रव्याचं, वाफवलेलं, मऊ, वेलचीचं. मी तीन खाल्ली. त्यांची मुलगी अल्फिया इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीत आहे. आई मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि चिडली की इंग्रजीत.

तरी माझं लक्ष जेवणात कमी होतं. हात धुऊन बसलो तेव्हा मी विचारलं, "इरफान, तुझ्या अब्बांच्या जुन्या कॅसेटी होत्या गावाला. त्या..."

मी पुढे बोलायच्या आत त्याने नसरीनकडे बघितलं. ती उठून आत गेली.

"मी तर दर ईदला साहेबांना सांगतो," इरफान म्हणाला, "चाचींचा सामान हाय आमच्याकडं, येऊन घेऊन जा. अब्बाबी सांगायचे. साहेब बोलतात, राहू दे, घाई नाय."

मी सुधीरकडे वळले.

"मला वाटलं स्टीलचा डबा असेल," सुधीर म्हणाला.

"चाळीस वर्षं?"

"चांगला डबा असेल."

नसरीनने गावाहून इकडे आलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. वरचीच कॅसेट इरफानने काढून माझ्या हातात दिली. कॅरनचं गोल अक्षर फिकट झालं होतं, पण वाचता येत होतं. सुधीरने लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून तिथेच होती. आणि मधल्या काचेवर दोन्ही बाजूंनी लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ.

"ही काय?"

"ती तुमची हद्द," इरफान म्हणाला. "ऐका, मंग कळंल."

घरात कॅसेट वाजवायला काही नाही. इरफानच्या जुन्या पिकअपमध्ये आहे. म्हणून आम्ही सगळे अंगणात जाऊन गाडीत बसलो. इरफान आणि सुधीर पुढे, नसरीन, अल्फिया आणि मी मागच्या सीटवर, दारं उघडी.  कासमभाईंचा आवाज आला, खणखणीत, जरा ओरडूनच, गावापर्यंत पोचायला हवा म्हणून. तब्येत बरी आहे, खाणं चांगलं आहे, इथे थंडी पडते. बकरी विकू नको. पोराला शाळेत धाड, तो ऐकत नसेल तर माझं नाव सांग. मी इरफानकडे बघितलं. तो समोर बघत होता, ओठ आवाजाबरोबर हलत होते.

पाव तास गेला. मग कासमभाई म्हणाले:

"आता मी थांबतो. टेप अजून हाय, पन बोलायचा नाय. ह्याच्यापुढं वहिनींची गाणी हायत. साहेबांनी कॅसेट दिली तवा त्या दारात उभ्या होत्या, त्यांचा तोंड मी बघितलाय. घेतली नसती, पन माणूस पहाटं निघतोय. तवा ती गाणी पुसायची नाय. अमानत हाय, दुसऱ्याची ठेव. दुसऱ्या बाजूलाबी तेवढी जागा सोडून बोला."

एक खट्ट आवाज. आणि रॉनचे ड्रम.

हॉलमधली माणसं ओरडतायत, कुणाचा तरी माइक पडतो, गिटार आधी चुकते आणि मग जोरात सुरू होते. माझ्या शेजारी कुणी तरी सतरा वर्षांचं बसलंय असं वाटलं. दोन-दोन मिनिटांची गाणी असल्याने त्या उरलेल्या जागेत तीन पूर्ण टिकली होती. दुसऱ्या बाजूला अडीच.

"अम्मीने ती रेघ मारलेली," इरफान सांगायला लागला. "अब्बांची बाजू तिने कधी पुसली नाय. दुसऱ्या बाजूला आमी भावंडा बोलायचो, पुसून पुसून. रेघ आली की अम्मी बटन दाबायची. वहिनींची हद्द आली, गप बसा. मग आमी ती गाणी ऐकायचो. नाचायचो पन. गावात कुणाला म्हाईत नाय काय गाणी ती. अम्मी बोलायची, वहिनी एवढ्या शांत दिसतात, पन आतनं बघा कशा हायत."

नसरीन तोंडावर ओढणी धरून हसत होती. सुधीर माझ्याकडे बघत नव्हता. त्याने पुढच्या सीटवरून नुसता हात मागे केला, मी तो धरला.

"आंटी," अल्फिया म्हणाली, "इसमें तो तीनच कॉर्ड हैं." ती आत जाऊन गिटार घेऊन आली आणि दुसरं गाणं थोडं अडखळत वाजवून दाखवलं. दादाजींच्या कॅसेटवरून शिकलेलं हे तिचं पहिलं गाणं. मैत्रिणींनी विचारलं, कोणता बँड, तर तिने सांगितलं, फॅमिली का है.

यापेक्षा जास्त चांगलं मला त्या संगीताबद्दल लिहिता येणार नाही. ज्यांनी वाजवलं ते कुणी मोठे नव्हते, ज्यांनी जपलं त्यांना एक शब्द कळत नव्हता, आणि दहावीतल्या मुलीला वाटलं की हे मलाही येईल.

निघताना इरफानने कॅसेट रुमालात बांधून माझ्यापुढे धरली. मी घेतली आणि परत त्याच्या हातात ठेवली.

"नाय चाची. अमानत ठेवून घेता येत नाय. अब्बांना काय सांगू?"

"मिळाली मला. आता मी पुन्हा तुझ्याकडे ठेवते आहे. पुण्यात माझ्याकडे पिकअप नाही."

त्याने नसरीनकडे बघितलं आणि रुमाल खिशात घातला. अल्फियाने गाणी मोबाइलवर उतरवून घेतली होती. घरच्या गोष्टी घरातच राहाव्यात म्हणून मी फक्त गाणी मागितली होती, पण इरफाननेच सांगितलं, अब्बांचं शेवटचं बोलणं आधी असू दे.

तिसऱ्या दिवशी अबहावरून सौदाच्या डोंगरावर गेलो. खमीसहून तासाभराचा रस्ता, वळणं बरीच आहेत. ज्युनिपरच्या झाडांत धुकं अडकलेलं असतं आणि रस्त्याच्या कठड्यावर माकडांची कुटुंबं बसलेली असतात. काच खाली करू नका. सुधीरने केली, आणि केळी गेली. अबहाच्या बाजारात मध घ्या, चाखल्याशिवाय घेऊ नका. तव्यावरची पोळी तूप-मधात कुस्करून करतात ती अरीका न खाता परतलात तर जाऊन उपयोग नाही.  परतीच्या वाटेवर सुधीरने तीच तीन गाणी लावली, स्वतःहून.

रियाधला पोचल्यावर मी फाइल कॅरनला पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं. रॉनने सहा वेळा ऐकलं. आपले ड्रम उशिरा पडतायत म्हणाला. मग विचारलं, "आमच्या आधी स्टेजवर आहे तो माणूस कोण, आणि काय म्हणतोय?"

एक अख्खी दुपार बसून मी कासमभाईंचं ते बोलणं इंग्रजीत लिहिलं. कोण वहिनी, कुठला पहाटेचा माणूस, लाल रेघ कुणी मारली, सगळं. रॉनचा निरोप आला: आमची गाणी इतकी सांभाळण्यासारखी कधीच नव्हती. त्या कुटुंबाला सांग, आता तेवढी जागा त्यांची. खुशाल पुसा आणि बोला.

निरोप पोचवणं माझं काम होतं, म्हणून मी इरफानला फोन केला. पलीकडे दुकानातली ठोकाठोक चालली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना माजा सलाम सांगा," तो म्हणाला. "पन नाय पुसणार. अब्बांनी नको सांगितलाय."